सुभद्रेची गूळतुला

१

आमच्या पलंगाला उतार होता. पलंग चांगला सागवानी, सासऱ्यांनी लग्नात दिलेला. दोष त्याचा नव्हता. उतार सुभद्रेच्या बाजूचा होता. ती अंगाने भरभक्कम आणि मी गिरणीच्या टाइमऑफिसातला कारकून. कारकुनाचं वजन नोंदीपुरतं. संसाराची सगळी वर्षं मी रात्री माझ्या कडेला झोपलो आणि सकाळी तिच्या पाठीला टेकलेला उठलो. याला कोणी प्रेम म्हणेल. मी गुरुत्वाकर्षण म्हणत असे. सुभद्रा म्हणे, "काही म्हणा, पण कोपर काढा."

लालबागच्या आमच्या चाळीचा जिना लाकडी. सुभद्रा बाजारातून आली की तिसऱ्या मजल्यापर्यंत त्याची वर्दी पोचायची. शेजारच्या गंगुबाई आतूनच सांगायच्या, "सुभद्रा इली. चाय टाका."

मी निवृत्त झालो आणि काही महिन्यांतच संप सुरू झाला. माझ्यावाचून गिरणी चालायची नाही असं मी आयुष्यभर म्हणत आलो होतो, पण गिरणीने ते इतकं मनावर घ्यायला नको होतं. संपाला दोन वर्षं उलटली. तो मिटला असं कोणी सांगितलं नाही आणि चालू आहे असंही कोणी म्हणेना. काही गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजू लागले, आमच्या गिरणीचा वाजला नाही. एकेक खोली रिकामी होत गेली. कोणी गावी गेलं, कोणी नुसतंच गेलं.

आमचा जावई जयवंत आमच्याच गिरणीत फिटर होता. तो वेळेवर शहाणा झाला आणि मस्कतला गेला. पाठोपाठ आमची कमलही गेली. तिला दिवस गेले होते. याआधी दोनदा तिचं विस्कटलं होतं, दोन्ही वेळा सुभद्रा जवळ नव्हती, आणि दोन्ही वेळचा दोष सुभद्रेने स्वतःकडे घेतला होता. या खेपेला जयवंतने आम्हा दोघांची विमानाची तिकिटं पाठवली.

"बाळ माझ्या मांडीवर पडेपर्यंत मी मान वळवून घराकडे बघणार नाही," सुभद्रा म्हणाली.

२

विमानात मी खिडकीशी, सुभद्रा मधे, आणि पलीकडे हरेश्वर नावाचा तिशीचा कोळी. माझगावच्या कोळीवाड्यातला, तिकडे कोणा शेखाच्या मासेमारीच्या बोटीवर त्याला नोकरी लागली होती. पट्टा कसा लावायचा हे आम्हा तिघांनाही येत नव्हतं. तो म्हणाला, "काकी, आपण एकमेकांचे लावू. बुडलो तर सोबत."

"शुभ बोल रे," सुभद्रा म्हणाली. दोघांचं तिथेच जमलं.

विमान उडालं, झोपड्या, नारळ, मग समुद्र, आणि उजवीकडे धाडकन आवाज झाला. मागावरचा धोटा सुटून उडाला की होतो तसा. त्या आवाजाला विणकर आधी खाली वाकतो आणि मग शिवी देतो. इथे वाकायला जागा नव्हती. सगळं विमान थरथरत राहिलं. हवाईसुंदरीचं हसू चेहऱ्यावर होतं तसंच राहिलं, फक्त ती ते घेऊन खुर्चीत बसली आणि तिने पट्टा आवळला.

कप्तान हिंदीत बोलला, मग इंग्रजीत. आवाज पोस्टाच्या खिडकीमागच्या माणसासारखा, शांत. एक इंजिन बंद केलं आहे. काळजीचं कारण नाही, आपण परत उतरणार आहोत. मात्र उतरण्यासाठी विमान सध्या फार जड आहे. समुद्रावर घिरट्या घालून वजन कमी करू आणि मग उतरू.

"कशाचं वजन कमी करणार?" सुभद्रेने विचारलं.

"इंधनाचं. हवेतच सोडून देतात." हे मी कुठेतरी वाचलं होतं. खिडकीतून दिसतही होतं: पंखाच्या कडेतून पांढरी धार निघून मागे विरत होती, गिरणीत सुताला लावतात त्या कांजीच्या वाफेसारखी.

विमान एका अंगाला कलून फिरत राहिलं. सुभद्रेने डोळे मिटून हात जोडले आणि मोठ्याने, शेजारीपाजारी ऐकतायत याची पर्वा न करता गाऱ्हाणं घातलं. "रवळनाथा, सुखरूप खाली उतरव. तुझ्या दारात बसून गुळाची तुला करीन."

"माझंही नाव घाला काकी," हरेश्वर म्हणाला. "मी अर्ध्या वजनाची करीन. परिस्थिती नाही."

मला हसू आलं, त्या अवस्थेतही.

मग पांढरी धार थांबली. कप्तान पुन्हा बोलला: अजून थोडं जास्त आहे. विमानाने आणखी एक घिरटी घेतली. आणि मग, कसं सांगावं, डोक्यावरची पाटी कोणीतरी मागून येऊन अलगद उतरवून घ्यावी तसं झालं. मला एकट्याला नव्हे. विमानभर माणसांनी एकदम श्वास सोडलेला ऐकू आला. मागच्या रांगेत कोणीतरी बरं वाटून हसलं. थरथर बंद झाली.

"आता ठीक आहे," कप्तान म्हणाला. "धन्यवाद."

कशाबद्दल ते कळलं नाही. विमानवाले सभ्य असतात.

चाकं टेकल्याचं कोणालाच कळलं नाही, इतकं ते हलकं उतरलं.

३

दुरुस्ती झाली की कळवू, असं सांगून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं. टॅक्सीतून उतरून आम्ही जिना चढलो. मी कुलूप काढत होतो, तोच गंगुबाई सूप घेऊन बाहेर आल्या आणि दारात थबकल्या. सूप त्यांच्या हातून पडलं नाही, पण तांदूळ सांडले.

"तू कधी इलंस गे?" त्या सुभद्रेला म्हणाल्या. "जिनो तर वाजाक नाय."

"तुमचे कान गेले असतील," मी म्हटलं. गंगुबाईंचे कान म्हणजे चाळीची नभोवाणी. माझं बोलणं त्यांना लागलं. त्या तांदूळ वेचत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागा झालो तो माझ्याच कडेला. आधी काही खटकलं नाही, मग खटकलं ते हेच. सुभद्रा शेजारी गाढ झोपली होती आणि आमच्या मधली गादी सपाट होती, वाण्याच्या पाटीसारखी. मी तिच्या बाजूने कुशीवर वळून पाहिलं. घरंगळलो नाही. खाली वाकून पलंगाचे पाय पाहिले. पाय जागच्या जागी.

बाकी सुभद्रा होती तशी होती. तेच दंड, तीच घट्ट होणारी पोलकी, तोच दोन भाकऱ्यांनंतरचा अर्धा तुकडा. फक्त ती पाटावर बसली की पाट करकरत नव्हता, आणि मोरीतून ओल्या पायांनी आली की फरशीवर उमटणारा पाय पुरा उमटत नव्हता. चवडा उमटे. टाच नाही.

माणूस घाबरून आला की चार दिवस चवड्यावर चालतो, असं मी स्वतःला समजावलं. निवृत्त माणसाजवळ स्वतःला समजावायला वेळ पुष्कळ असतो.

४

नवस लगेच फेडायचा, हा सुभद्रेचा हट्ट. विमान पुन्हा बोलावील तेव्हा देवाचं देणं बाकी नको. आमच्या गल्लीत रवळनाथाचं छोटं देऊळ आहे. कोकणातून आलेल्या विणकरांनी वर्गणीतून बांधलेलं. तिथला तराजूही त्यांनीच एका वखारीतून आणून तुळईला टांगला होता. मोठी लाकडी पारडी, जाड साखळ्या. त्यात मुलांच्या साखरतुला झाल्या होत्या, एकदा एका जॉबरची, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाची, केळ्यांची.

रामजी विणकर संपापासून देवळातच राबायचा. दुसरं काम नव्हतं आणि देव कामावरून काढत नव्हता. त्याने गुळाच्या ढेपी आणून रचल्या. बातमी पसरायला वेळ लागला नाही. सुभद्रेच्या वजनाचा गूळ म्हणजे चाळीच्या घराघरात ढेकूळ जाणार, आणि दोन वर्षांत एवढा गूळ कोणी एका जागी पाहिला नव्हता. बाया वाट्या घेऊन आल्या होत्या.

"वैनी, जरा कमी जेवायचं होतं," रामजी म्हणाला. "कोल्हापूर रिकामं करणार तुम्ही."

"जास्तच जेवून आलेय," सुभद्रा म्हणाली. "तुमच्या पोरांना मिळू दे."

ती हसत पारड्यात बसली. पारडं खाली गेलं नाही.

"पाय वर घ्या, वैनी."

"घेतलेत."

घेतले होते. ती पारड्यात मांडी घालून बसली होती, आणि तराजूची दांडी सरळ होती. दोन्ही पारडी रिकामी असल्यासारखी.

गुरवाने साखळ्या हलवून पाहिल्या. मग रामजीने समोरच्या पारड्यात पहिली ढेप ठेवली. ते पारडं धप्पकन जमिनीला टेकलं आणि सुभद्रा वर गेली, झोपाळ्यावर पोर जावं तशी. तिने साखळी धरली. हसू अजून तोंडावर होतं. ते कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं.

ढेप काढून गुरवाने नारळ ठेवला. पारडं तसंच धप्पकन खाली.

"काटा अडकलाय," कोणीतरी म्हणालं. सुभद्रेला उतरवून रामजी स्वतः बसला. रामजी अंगाने काडी. पण त्याचं पारडं शहाण्यासारखं खाली गेलं आणि ढेपी मोजूनमापून चढवाव्या लागल्या. काटा ठीक होता.

बायांनी वाट्या पदराआड घेतल्या. मग मागून एक बाई म्हणाली, "टायमाफिसवालो तो. वजनात मारतलोच." आणि सगळ्यांना हायसं वाटलं. लबाडी समजते. वाट्या वाजल्या, कोणी हसलं.

मी म्हटलं, "सगळा गूळ वाटून टाका." तो वाटला गेला. लोकांनी तो आनंदाने घेतला आणि मला लबाड म्हणतच घरी नेला.

गुरवाने मात्र अंगारा दिला नाही. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "गूळ वाटलात, चांगलं केलंत. पण ही तुला मी देवाला सांगू शकत नाही. समोर वजन आल्याशिवाय नवस फिटत नाही."

"मग काय करायचं?"

"माझ्या बापाने मला हे शिकवलं नाही," तो म्हणाला आणि देवळाचं दार ओढून घेऊ लागला. भर सकाळी.

५

करी रोड स्टेशनवर वजनाचं यंत्र आहे. नाणं टाकलं की लाल-हिरवे दिवे पेटतात, चकती फिरते आणि तिकीट पडतं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. मी एकटाच गेलो होतो. यंत्रावर चढून नाणं टाकलं. दिवे पेटले नाहीत, चकती हलली नाही.

या शहरातली अर्धी यंत्रं बंद असतात, उरलेली अर्धी खोटं बोलतात. मी बाजूला झालो. एक भाजीवाली टोपली डोक्यावरच ठेवून चढली. दिवे लागले, चकती गरगरली, खटकन तिकीट पडलं. तिने ते मला वाचायला दिलं. वजन टोपलीसकट भरलं होतं आणि भविष्य उत्तम होतं.

मी पुन्हा चढलो. मग जागच्या जागी एक उडी मारून पाहिली. यंत्र मख्ख. फलाटावरची माणसं बघू लागली. निवृत्त माणसाने स्टेशनवर उड्या मारू नयेत. लोक घरचा पत्ता विचारतात.

घरी येऊन मी सुभद्रेला काही सांगितलं नाही. तिने चहा दिला. कप तिच्या हातात जड दिसत होता.

६

हरेश्वर आला तेव्हा दुपार होती. विमानात गप्पा मारताना सुभद्रेने त्याला चाळीचं नाव सांगितलं होतं. त्याच्या सदऱ्याच्या काठाला काहीतरी शिवलेलं होतं. बसताना ते खुर्चीवर खळखळलं.

"जाळ्याची शिशी आहेत, जाळं बुडावं म्हणून बांधतात ती शिशाची वजनं," तो म्हणाला. सुभद्रा आत पाणी आणायला गेली होती. तो माझ्याकडे सरकला. "काका, एक विचारतो, हसू नका. होडीत पाय ठेवला की होडी दबते ना? पाय ठेवणारा कितीही सुकडा असो."

"दबते."

"माझ्या पायाखाली दबत नाही. उडी मारून चढलो तरी नाही. बाप म्हणतो, तू चढलास ते मला कळत नाही, मागे बघावं लागतं."

"मग ही शिशी लावून दबत असेल."

"दबते. पण ती शिशाने दबते काका. त्यात मी नसतो."

मला एखादं शहाणपणाचं वाक्य सुचायला हवं होतं. मी आयुष्यभर वाचत आलो ते अशाच वेळेसाठी, असा माझा समज होता.

"आणि वारा," तो म्हणाला. "वारा सुटला की कोणीतरी मागून काखेत हात घालतं. ओढत नाही. नुसतं सांगतं, चला, उठा. आजाऱ्याला उठवतात तसं, मायेने."

"मलाही," सुभद्रा म्हणाली.

ती तांब्या घेऊन दारात उभी होती. इतक्या दिवसांत हे तिने मला सांगितलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं तशी ती म्हणाली, "तुम्हाला सांगितलं तर तुम्ही काहीतरी पुस्तकातलं बोललं असतं."

हरेश्वर पाणी प्यायला. "पुढच्या विमानात जागा देतायत. घरी कंपनीचा माणूस येऊन गेला."

"आमच्याकडेही आला होता," मी म्हटलं. "जाणार?"

"नाही. नोकरी गेली तर गेली." तो उठला, शिशी खळखळली. "परत तेच म्हणाले, वजन जास्त आहे म्हणून, तर आता काय देणार?"

७

मी विमान कंपनीच्या फोर्टमधल्या कचेरीत गेलो. टेबलामागचा अधिकारी तरुण, टायवाला, सौजन्यशील. मी त्याला विचारलं, त्या दिवशी हवेत किती इंधन सोडलं?

"सोडलं नाही, काका. त्या विमानाला तशी सोयच नसते. इंधन जाळून संपवावं लागतं, आणि त्याला फार वेळ लागतो. तुम्ही तर लवकर उतरलात."

"मग पंखातून पांढरं काय जात होतं?"

"ढग असेल."

"आकाश निरभ्र होतं."

"मग..." त्याने पेन उचललं, ठेवलं. "उतरताना वजन मर्यादेत होतं, एवढं पक्कं आहे. त्याशिवाय कप्तान उतरलाच नसता. तुम्ही सुखरूप आलात ना? मग?"

हा 'मग' माझ्या ओळखीचा होता. माझ्याही टेबलासमोर वर्षानुवर्षं माणसं असे प्रश्न घेऊन उभी राहिली होती आणि मीही असाच सुसंस्कृत वागलो होतो.

तिथून भायखळ्याला उतरून माझगावच्या कोळीवाड्यात गेलो. हरेश्वरला हे सांगावंसं वाटलं. त्याचा थोरला भाऊ चंदू धक्क्यावर जाळं शिवत बसला होता. मी ओळख दिली.

"तो नाही," चंदू म्हणाला. सुई थांबली नाही.

"केव्हा येईल?"

"परवा होडी घेऊन गेला. एकटाच. वारा पडलेला होता म्हणून आम्ही जाऊ दिला. दुपारून वारा सुटला." त्याने दोरा दातांनी तोडला. "होडी मिळाली. सदरा मिळाला. शिशी लावलेला, होडीच्या तळाशी पसरलेला. बटणं लावलेली."

"पडला असेल," मी म्हटलं. "समुद्रात."

"बटणं लावलेली, बाबा," तो पुन्हा म्हणाला, मला ऐकू कमी येत असावं अशा सबुरीने. "कोणी सदरा काढतो तर आधी बटणं काढतो."

पलीकडे त्यांची म्हातारी आई, काशीबाई, सुकवायला टाकलेल्या मासळीजवळ कावळे हाकायला बसली होती. कावळे मासळीवर उतरत होते. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती वर बघत होती.

८

त्यानंतर मी पंखा बंद केला. खिडकीला आतून कडी घातली. एप्रिलचा उकाडा, वर पत्र्याचं छप्पर, आणि आम्ही दोघं कोंडलेले. गंगुबाईंना सांगितलं, सुभद्रेला वारा बाधतो. त्यांनी काढा आणून दिला.

सुभद्रेचं एकच चाललं होतं. "मला कमलकडे न्या."

"कसं नेऊ? विमानात बसशील?"

"बसेन."

"आणि ते पुन्हा म्हणाले तर?"

"बोटीने न्या."

"बोटीवर डेक असतो. डेकवर वारा असतो."

तिने पदराने मानेवरचा घाम पुसला. मग म्हणाली, "तुम्हाला कळत नाही. बाळ मांडीवर आलं की मी कुठेही जाणार नाही. ते धरून ठेवील मला. कमलच्या वेळी तीन महिने मांडी हलवू दिली नव्हती तिने."

मी हसलो नाही. मलाही तेच पटत होतं. तेवढा एकच उपाय मला दिसत होता, आणि तो समुद्रापलीकडे होता.

बारशाला आपल्याकडे वरवंटा सजवतात. त्याला बाळासारखं दुपट्यात गुंडाळून या हातातून त्या हातात देतात, मग पाळण्यात बाळाशेजारी निजवतात. सुभद्रेने कमलसाठी शिवलेल्या दुपट्यांतलं एक काढलं, पाट्यावरचा वरवंटा धुऊन पुसून त्यात गुंडाळला आणि तो मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसू लागली. दिवसभर. वरवंटा मांडीवर असला की तिच्या टाचा जमिनीला लागत. मी स्वयंपाक करू लागलो. भात करपायचा, ती वरवंट्याला थोपटत म्हणायची, "आजोबांनी आज पण जाळला."

तो दिवस मी चांगला समजत होतो. सकाळपासून ती हसतबोलत होती. दुपारी खालून तुळशीदास वाण्याने हाक मारली. मस्कतचा ट्रंककॉल. त्याच्या दुकानात फोन होता.

जयवंतचा आवाज दुरून, खरखरत. "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. आठ पौंडांची आहे, मामा. नर्सला उचलवेना, म्हणते. मामींना सांगा, लवकर या."

तुळशीदासाने मला पेढ्याऐवजी खडीसाखर दिली. मी जिना चढलो. धावतच चढलो, माझ्या वयाला न शोभणारं. जिना वाजला नाही. तो माझ्या पायाखाली कधी वाजायचाच नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

दार मी लोटून गेलो होतो, तसंच होतं. खिडकीची कडी तशीच. दुपटं भिंतीशी जमिनीवर होतं, आत वरवंटा, कुशीवर नीट निजवलेला. पडला नव्हता. कोणीतरी जपून खाली ठेवला होता, आणि दुपट्याचा कोपरा त्याच्या तोंडावरून बाजूला केला होता.

खोलीत सुभद्रा नव्हती. मोरीत नव्हती. पलंगाखाली बघण्याइतका मी खुळा होतो, तिथेही बघितलं.

मग बांगड्या वाजल्या. किंचित, झोपेत कूस वळताना वाजतात तशा. माळ्याच्याही वर, पत्र्याखालच्या अंधारात.

मी वर पाहिलं नाही. पायाखालच्या फरशीकडे बघत राहिलो आणि फरशीलाच सांगितलं, "मुलगी झाली."

बांगड्या थांबल्या.

"आठ पौंडांची. नर्सला उचलवत नाही."

"आठ म्हणजे चांगलंच की," सुभद्रा म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा, ओट्याजवळून बोलावं तसा, फक्त वरून येणारा. "कमलला पेलते ना?"

"पेलते."

"मग झालं तर."

मी खाली बसलो, वरवंटा मांडीवर घेतला. त्याचा भार मांडीवर आला आणि बरं वाटलं. तो भार त्याचा होता हे कळत असूनही. बाहेर वारा सुटला होता. छपराचा पत्रा कुठेतरी वाजत होता, की आतून तो कोणी चाचपत होतं, ते मी ठरवलं नाही.

"अहो," ती म्हणाली. "खिडकी उघडता का? इथे फार उकडतं."

मी वरवंट्याला थोपटत राहिलो.

"किती दिवस बसाल असे? मी काही तुम्हाला टाकून जात नाही. थांबते की दारात."

तिने आयुष्यात माझ्याकडे फार थोड्या गोष्टी मागितल्या होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच मी उद्यावर टाकल्या होत्या. मी वरवंटा खाली ठेवला, कुशीवर, दुपट्याचा कोपरा नीट करून. कडी काढायला उठलो. उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागला नाही.